चेन बदलली, खडखड राहिली

सेकंडहँड डिझेल गाडी. सकाळी आमच्या शुक्रवार पेठेतल्या बोळात सुरू केली की पहिले दोन-तीन सेकंद पत्र्याच्या डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज, मग सगळं शांत. ‘डिझेल आहे, वाजणारच,’ असं जो तो म्हणे. गॅरेजात नेईपर्यंत इंजिन तापलेलं, आवाज गायब.

त्याचं कारण नंतर कळलं. टायमिंग चेनला ताण देणारा टेन्शनर इंजिन ऑइलच्या दाबावर चालतो. रात्रभर उभ्या गाडीत तो दाब उतरतो, म्हणून झिजून ढिली झालेली चेन थंड इंजिनातच खडखडते. तेव्हा गाडी रात्री मिस्त्रीकडेच ठेवा आणि सकाळी पहिला सेल्फ त्याच्यासमोर मारा.

पहिल्या गॅरेजवाल्याने चेन तेवढी नवी घातली. टेन्शनर, गाइड, स्प्रॉकेट जुनेच. ‘कशाला उगाच खर्च?’ उन्हाळा सरायच्या आत खडखड परत. दुसऱ्या मिस्त्रीने उघडलं तर गाइडच्या प्लॅस्टिकला खोल चरे आणि त्याचेच तुकडे खाली चेंबरमध्ये, ऑइल पंपाच्या जाळीला चिकटलेले. जाळी तुंबली की दाब कमी, दाब कमी की चेन आणखी ढिली. मजुरी मात्र दोनदा गेली, कारण पुली, माउंटिंग, पुढचं कव्हर सगळं पुन्हा उतरवावं लागतं. म्हणून पूर्ण किट घ्या, चेंबर उतरवून जाळी धुवायला लावा आणि जुने भाग पिशवीत मागून घ्या. कव्हर बंद झाल्यावर आत काय बसवलं ते कोण बघतंय!

कव्हर लावण्याआधी क्रँक पान्याने दोन पूर्ण फेरे फिरवून खुणा पुन्हा जुळवायला सांगा. क्रँकच्या दोन फेऱ्यांत कॅमचा एक फेरा होतो. दात चुकला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटू शकतात. ही तपासणी सेल्फ मारून करू देऊ नका.

बेल्टसारखी ठरावीक किलोमीटरला चेन बदलावी लागत नाही, म्हणून लोक निर्धास्त राहतात. पण डिझेलची काजळी ऑइलमध्ये उतरते आणि तेच काळं ऑइल चेनच्या पिना झिजवतं. एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ आल्यावर छोटी डिझेल इंजिनं बहुतेक बंदच झाली. बाजारात मिळतात त्या दोन-तीन हातांतून आलेल्या गाड्या. घेताना रंगापेक्षा ऑइल बदलल्याच्या पावत्या बघा. आणि इंजिन तापल्यावरही खडखड थांबत नसेल, तर गॅरेजपर्यंतसुद्धा चालवू नका, टो करून न्या.