वाळूच्या कणावरील लेप

वाळूचा एक कण दुसऱ्या कणाला टेकतो, तेव्हा त्या टेकण्याच्या जागी नेमके काय घडते? प्रश्न क्षुल्लक वाटतो. परंतु धरणाचा भराव, इमारतीचा पाया आणि ओतकामाचा साचा या सर्वांचे बळ त्याच्या उत्तरावर अवलंबून असते. या लेखात आपण ओतकामाच्या वाळूच्या आधारे त्याचा विचार करू.

जर्मन शास्त्रज्ञ हाइनरिख हर्ट्झ यांनी 1882 साली दोन लवचिक गोलांच्या स्पर्शाचे गणित मांडले. गोल एकमेकांवर दाबले की स्पर्शबिंदूचे रूपांतर लहानशा वर्तुळात होते. दाब आठपट केला, तर या वर्तुळाची त्रिज्या दुप्पट व क्षेत्रफळ चौपट होते. म्हणजे दाब वाढेल तसा स्पर्श अधिकाधिक ताठर होत जातो. मात्र हे गणित स्वच्छ, गुळगुळीत आणि एकमेकांना न चिकटणाऱ्या गोलांचे आहे. निसर्गातील कण तसे क्वचितच असतात. कुठे त्यांच्यावर चिकणमातीचा थर असतो, तर कुठे लोहाच्या ऑक्साइडचा. तांबड्या वाळूचा रंग या दुसऱ्या थराचाच असतो.

लेपामुळे तीन गोष्टी बदलतात. पहिली, ताठरता. मऊ लेप आधी दबतो, म्हणून सुरुवातीला थोड्या दाबानेही कण बरेच जवळ येतात. लेप पिळून निघाल्यावरच आतील कठीण क्वार्ट्झचा प्रतिकार जाणवतो. दुसरी, घर्षण. लेप कोणता व किती ओला, यानुसार कण एकमेकांना अडतात किंवा घसरतात. तिसरी, चिकटपणा. कोरडे, उघडे कण ताणाला जवळजवळ प्रतिकार करीत नाहीत. लेप मात्र त्यांना बांधून ठेवू शकतो.

कोल्हापूरच्या शिरोली व गोकुळ शिरगाव परिसरातील फाउंड्र्यांत हे ज्ञान रोज हाताळले जाते. साच्याच्या वाळूत साधारणतः 5 ते 10 टक्के बेंटोनाइट माती आणि 2 ते 4 टक्के पाणी मिसळतात. मळणीत प्रत्येक कणावर ओल्या मातीचा पातळ लेप चढतो आणि ठोकल्यावर स्पर्शाच्या जागी मातीचे पूल तयार होतात. पाणी कमी पडले तर साच्याच्या कडा ढासळतात. जास्त झाले तर वितळलेल्या लोखंडाच्या उष्णतेने वाफ होऊन ओतीवात पोकळ्या राहतात.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात जर्मनीत योहानेस क्रोनिंग यांनी वाळूवर फिनॉलिक रेझिनचा लेप देण्याची पद्धत विकसित केली. सुमारे 250 अंश सेल्सिअस तापलेल्या पॅटर्नवर अशी वाळू पडली की रेझिन वितळून कणांच्या सांध्यांशी गोळा होते व तेथेच कायमचे घट्ट होते. त्यातून पातळ पण मजबूत कवच मिळते. धातू ओतल्यावर तेच रेझिन जळते आणि वाळू सुटी होते. म्हणजे हवे तेव्हा धरून ठेवणारा आणि काम संपताच सोडून देणारा असा हा लेप आहे.

विद्यार्थ्यांनी हे घरीही पडताळावे. एका पेल्यात कोरडी वाळू आणि दुसऱ्यात किंचित चिकणमाती व पाणी मिसळलेली वाळू दाबून भरावी व दोन्ही पेले उपडे करावेत. पहिल्याचा ढीग पसरेल, दुसऱ्याचा आकार टिकेल. मग पाणी थोडे थोडे वाढवून तो आकार केव्हा बसतो, याची वहीत नोंद करावी.

शेवटी एक गंभीर बाब. साचा फोडताना भाजलेला लेप तुटतो, कणही फुटतात आणि सिलिकाची अतिसूक्ष्म धूळ हवेत उडते. ती वर्षानुवर्षे श्वासातून गेल्यास सिलिकोसिस होतो आणि हा आजार बरा होत नाही. म्हणून वाळू ओलसर ठेवणे, धूळ ओढून घेणारी यंत्रणा चालू ठेवणे आणि योग्य मुखपट्टी वापरणे हे आवश्यक आहे. आमचे जे माजी विद्यार्थी व पालक या व्यवसायात आहेत, त्यांनी याचा आग्रह धरावा, ही आमची कळकळीची विनंती आहे. वाळूला बांधणारे शास्त्र जाणणाऱ्याने ती हाताळणाऱ्याच्या श्वासाचीही काळजी वाहिली पाहिजे.