आठवड्याची आखणी रविवारपासून

शास्त्रवाचन : निर्गम १६:२२-३०; निर्गम ३४:२१; लूक १४:१-६



घरात रोजची कुटुंबप्रार्थना का होत नाही, असे विचारले की सायखेडा परिसरात बहुधा एकच उत्तर मिळते : वेळ कुठे आहे? हे उत्तर खोटे नाही. द्राक्षबाग असलेल्या घरात ऑक्टोबरच्या छाटणीपासून माल उतरेपर्यंत डिपिंग, विरळणी, फवारणी यांचे दिवस मोजून ठरलेले असतात. औषध आज मारायचे तर आजच. कांद्याची लागवड मजूर मिळतील त्या दिवशी. शेतीची वीज जिथे अजून पाळीने येते, तिथे कधी दिवसा पाणी भरायचे, कधी रात्री. अशा माणसाला 'वेळेचे नियोजन करा' असे नुसते सांगून काय उपयोग? म्हणून या पाठात आपण आठवड्याची आखणी कामापासून नव्हे, रविवारपासून सुरू करू या.

रानात इस्राएल लोकांना मान्ना मिळे तो रोजचा रोज. सहाव्या दिवशी मात्र त्यांनी दुप्पट गोळा करायचा, भाजायचे-शिजवायचे ते त्याच दिवशी उरकायचे, आणि सातव्या दिवशी थांबायचे. काही जण तरीही सातव्या दिवशी गोळा करायला गेले; त्यांना काही मिळाले नाही. यात आपल्यासाठी एक साधी गोष्ट आहे. विसाव्याचा दिवस आदल्या दिवशी तयार होतो. शनिवारी पंपाचे डिझेल भरले नाही, जनावरांचा चारा कापून ठेवला नाही, मुलांचे कपडे धुतले नाहीत, तर रविवारची सकाळ त्यातच जाते आणि मिस्साला आपण घाईघाईने, निम्म्या मनाने पोचतो.

शेतकऱ्याला यातून सूट असावी, हा विचार जुना आहे. रोमन सम्राट कॉन्स्टंटाईन याने इ. स. ३२१ मध्ये रविवार विश्रांतीचा ठरवला तेव्हा शहरांतील कचेऱ्या व कारखाने बंद ठेवायला सांगितले, पण शेतकऱ्यांना काम करण्याची मोकळीक दिली. निर्गमाच्या चौतिसाव्या अध्यायात मात्र नांगरणीचा आणि कापणीचा हंगाम मुद्दाम नाव घेऊन सांगितला आहे : तेव्हाही थांबा. आम्हाला वाटते, हंगामातच थांबणे सर्वांत कठीण, म्हणूनच ते लिहिले गेले असावे.

ख्रिस्तसभेची शिकवण इथे आडमुठी नाही. कुटुंबाची खरी गरज किंवा समाजाची महत्त्वाची सेवा असेल तर रविवारी काम करता येते, आणि शनिवारी सायंकाळच्या मिस्साने रविवारचे कर्तव्य पूर्ण होते. फक्त दर आठवड्याला 'खरी गरज' निघत असेल, तर एकदा तपासून पाहावे.

आता आखणी. आठवड्याचे तास १६८. कॅलेंडरच्या जुन्या पानामागे सात रकाने आखा आणि प्रथम मागचा आठवडा कसा गेला ते लिहा. मोबाईल व टीव्हीचे तासही लिहा. बहुतेक घरांत धक्का तिथेच बसतो. मग पुढच्या आठवड्याचे सात रकाने आखून आधी मिस्सा, रात्रीची प्रार्थना, मुलांबरोबर बसण्याची वेळ, म्हाताऱ्या आईवडिलांसाठी एक निवांत तास आणि स्वतःसाठी शास्त्रवाचनाची पंधरा मिनिटे भरा. त्यानंतर दूध, शाळा, वीज, बाजार. थोडी जागा मोकळी ठेवा. आपल्याकडे लग्न, आजारपण आणि मयत विचारून येत नाहीत.

आखणी बारा महिने एकच ठेवू नका. सहाव्या शतकात संत बेनेदिक्ताने आपल्या मठवासीयांसाठी नियम लिहिला, त्यात काम व वाचनाच्या वेळा ऋतूप्रमाणे बदलल्या आहेत. पीक स्वतः गोळा करावे लागले तर खंत करू नये, असेही तो सांगतो. हंगामात प्रार्थना दहा मिनिटांची होईल. चालेल. ती नाहीशी होऊ नये.

एका प्रश्नावर थोडे थांबावे लागेल. आपला रविवार दुसऱ्याच्या खांद्यावर तर उभा नाही ना? घरातील बाईसाठी रविवार बहुधा सर्वांत जड दिवस असतो : मटण, पाहुणे, भांडी. आणि सुरगाणा, पेठकडून बागेत आलेल्या मजुरांचे काय? शब्बाथाची आज्ञा दास, दासी, परका आणि जनावरे या सर्वांना विसावा द्यायला सांगते. मुंबईच्या गिरणी कामगारांना आठवड्याची ठरलेली सुट्टी नव्हती. सत्यशोधक चळवळीतील नारायण मेघाजी लोखंडे यांनी ती मागणी वर्षानुवर्षे लावून धरली, तेव्हा १० जून १८९० रोजी रविवारची सुट्टी मान्य झाली. ज्या सुट्टीसाठी गिरणीतल्या माणसाला इतके झगडावे लागले, ती बागेतल्या मजुराला आजही आपणहून क्वचितच मिळते. उक्त्या कामात मजूर स्वतःच सुट्टी नको म्हणतात, हे खरे. तरी विचारून पाहावे.

आणि आखणी मोडण्याचे दिवसही येतात. ४ ऑगस्ट २०१९ हा रविवार होता. त्या दिवशी गोदावरीचे पाणी सायखेडा, चांदोरीत शिरले. अशा दिवशी शेजाऱ्याला, त्याच्या गुराढोरांना पाण्याबाहेर काढणे हेच काम. शब्बाथ दिवशी विहिरीत पडलेला बैल तुमच्यापैकी कोण बाहेर काढणार नाही, असे प्रभू येशूने परूश्यांना विचारले, तेव्हा त्यांना उत्तर देता आले नाही.

कुटुंबात चर्चेसाठी :
१. मागच्या आठवड्याच्या पानावर एकमेकांसाठी दिलेला वेळ किती निघाला?
२. रविवारचे कोणते काम शनिवारी उरकता येईल, आणि ते कोण करील? (उत्तर 'आई' असेल तर पुन्हा विचार करा.)