जुना पत्रा आधी वाचव

सासऱ्यांची प्रीमियर पद्मिनी गाडी पुन्हा रस्त्यावर आणायची म्हणालीस, तेव्हा मला फार आनंद झाला गं. पण लगेच मडगार्ड आणि दारांसाठी फोनाफोनी सुरू केलीस, तिथे जरा थांब. ताई म्हणून मनातलं सांगते, आहे तो पत्रा आधी नीट बघ.

वालचंद हिराचंदांच्या प्रीमियरने कुर्ल्यात ही गाडी काढली, ती बंद होऊन आता सुमारे पाव शतक झालं. तरी इतकी वर्षं तिचे भाग मिळत राहिले ते मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सींमुळे. ३० ऑक्टोबर २०२३ ला शेवटची पद्मिनी टॅक्सीही रस्त्यावरून गेली. आता कुर्ल्याच्या भंगारवाल्यांकडे किंवा चोरबाजारात दार सापडेल, नाही असं नाही, पण ते समुद्राच्या खाऱ्या हवेत वाढलेलं असतं. वरून चकाचक रंग आणि खालची कड बोटाने दाबली तर भुगा.

आपल्या मराठवाड्याची हवा कोरडी, म्हणून इकडचा पत्रा जास्त टिकलेला असतो. परभणी, सेलू, हिंगोली, वसमतकडच्या जुन्या डॉक्टर-वकिलांच्या गोठ्या-गोदामांत अजून काही गाड्या धूळ खात असतील. तिथे विचार. आणि लवकर विचार, कारण तुमच्या जिंतूरहून मंठ्यावरून पुढे गेलं की जालना, आणि तिथल्या लोखंडाच्या भट्ट्यांना भंगार लागतंच. एकदा गाडी तोडून तिकडे गेली की तिच्या बॉनेटची सळई होते, मग कितीही पैसे दे.

घेण्याआधी एक छोटं चुंबक पातळ कापडात गुंडाळून पत्र्यावर फिरव. जिथे चिकटणार नाही तिथे आत लांबी (पुट्टी) भरलेली आहे. स्वतःच्या गाडीवरही हेच कर, मगच ठरेल खरंच काय बदलायचंय ते. बहुतेक वेळा अख्खं दार नको असतं, खालची चार बोटं सडलेली असतात. तेवढीच कापून नवा तुकडा जोडता येतो. डेंटर म्हणेल, 'ताई, नवीनच टाकू, सोपं पडेल.' ऐकू नकोस. कारखान्यातून त्या गाडीला बसून आलेल्या पत्र्याची कड, वळण आणि दाराची फट दुसऱ्या गाडीच्या भागाला तंतोतंत जुळत नाही. तुकड्याला सीआर (कोल्ड रोल्ड) पत्रा वापरायला सांग. छपराचा जस्ताचा पत्रा मुळीच नको, वेल्डिंग करताना त्याचा धूर माणसाला आजारी पाडतो.

दारांखालच्या पट्ट्या आणि फ्लोअर यांबाबत मात्र मी फार हट्टी आहे. पद्मिनीला वेगळी चेसिस नाही, सगळा भार बॉडीच पेलते. त्या पट्ट्या कापायच्या आधी दाराच्या चौकटीत आडवे-तिरपे लोखंडी अँगल तात्पुरते जोडून घ्यायचेच. नाहीतर बॉडी खचते आणि नंतर एकही दार लागत नाही. हे काम करणारा माणूस जिंतुरात नसेल तर परभणी, संभाजीनगर पालथं घाल, पण शिकाऊ हातात देऊ नकोस.

पद्मिनी मूळची फियाटच, पण भाग घेताना 'फियाटचं आहे' एवढ्यावर विश्वास ठेवू नकोस. 'डुक्कर फियाट' म्हणतात त्या आधीच्या मॉडेलची पुढची दारं उलटी उघडतात, ती तुझ्या कामाची नाहीत. १९६४ च्या डिलाइटचं बरंच काही पद्मिनीशी जुळतं, पण जाळी, बंपर वेगळे. जुना भाग सोबत ने, शेजारी ठेवून मोज. भागांसाठी अख्खी गाडी घेतलीस तर आरसी बघ, आणि तोडल्यावर आरटीओत नोंदणी रद्द करून घे. कागदाचा कंटाळा करू नकोस.

गाडी पन्नास वर्षांहून जुनी असेल तर २०२१ च्या नियमांनुसार व्हिंटेज म्हणून नोंदता येते, आणि त्यात बॉडीचा मूळ सांगाडा बदललेला चालत नाही. म्हणूनही म्हणते, मूळ पत्रा जप, आणि काम सुरू होण्याआधी प्रत्येक भागाचे फोटो काढून ठेव.

रंगाची घाई नको. दारं, डिकी, बॉनेट सगळं एकदा कोरडंच बसवून, उघडझाप करून, फटी सारख्या आहेत ना ते बघून मगच प्रायमर. आणि डेंटरकडे दिवाळीनंतरची तारीख माग, पावसाळी हवेत उघडा पत्रा एका रात्रीत तांबूस होतो.