फळ, रस आणि करधोरण

बेंगळुरूनजीकच्या बोम्मसंद्रा औद्योगिक वसाहतीत नारायण हृदयालय हे मोठे रुग्णालय आहे. तेथेच कारखाना असलेल्या बायोकॉनने २००४ मध्ये मानवी इन्सुलिन बाजारात आणले. स्थूलता व मधुमेह यांचा आर्थिक भार अशा वसाहतीत प्रत्यक्ष दिसतो.

वजन घटविण्यासाठी जठराची बायपास शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णास फळांचा रस विशेष बाधतो. ज्यूसर चोथा वेगळा काढतो. उरलेली साखर लहान आतड्यात एकदम उतरते आणि घाम, धडधड, जुलाब सुरू होतात. एक ते तीन तासांनी इन्सुलिनच्या अतिस्रावामुळे रक्तशर्करा घसरूही शकते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनेनुसार रसातील साखर ही ‘मुक्त साखर’ होय, अखंड फळातील नव्हे. तिचा वाटा एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांहून कमी असावा. रुग्णाचा आहार १००० किलोकॅलरींचा धरल्यास ही मर्यादा २५ ग्रॅम येते. संत्र्याच्या रसाचा एक मोठा पेला ती जवळजवळ संपवितो.

करधोरणात हा भेद उमटलेला नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून फळांच्या रसावरील वस्तू व सेवा कर १२ वरून ५ टक्क्यांवर आला, तर फळांचा रस असलेल्या वायुयुक्त पेयांवर तो ४० टक्के झाला. साखर मात्र दोहोंत असते. घरच्या ज्यूसरमधून काढलेल्या रसाला तर कोणताच करदर लागू होत नाही. तेथे आहारतज्ज्ञाचा सल्लाच उपयोगी पडतो: रस पाणी घालून, घोटघोट. आणि चावता येऊ लागताच फळच.