घाटाखालचे बंदर : दाभोळ

मुलांनो, तुमच्यापैकी कोणी कराडला राहत असेल, कोणी विट्याला, तर कोणी जतला. या तिन्ही गावांतून एक मोठा रस्ता जातो. त्याचे एक टोक कर्नाटकात विजापूरला आहे आणि दुसरे कोकणात गुहागरला. विजापूर ही आदिलशाहीची राजधानी होती. समुद्र मात्र तिच्यापासून फार दूर होता. मग परदेशी माल तेथे कसा पोहोचत असेल?

त्यासाठी दाभोळ होते. रत्नागिरी जिल्ह्यात वाशिष्ठी नदी जेथे समुद्राला मिळते, तेथे हे गाव आहे. देशावरचा माल बैलांच्या पाठीवरून कुंभार्ली घाट उतरून चिपळूणला येई. पुढे तो होड्यांतून खाडीने दाभोळला जाई. दाभोळला अरबस्तान आणि इराणकडून जहाजे येत. त्यांतून घोडे उतरत आणि येथील कापड परदेशी जाई. हजचे यात्रेकरूही येथूनच निघत. अफानासी निकितीन हा रशियन प्रवासी पंधराव्या शतकात बहमनी राज्यात आला होता. परतताना तो दाभोळहूनच जहाजात बसला.

श्रीमंतीबरोबर संकटही येते. डिसेंबर १५०८ मध्ये पोर्तुगिजांनी दाभोळवर हल्ला करून शहर जाळले. तरीही ते पुन्हा उभे राहिले. आज तुम्ही तेथे गेलात, तर किनाऱ्याजवळ सतराव्या शतकातील दगडी मशीद दिसेल. लोक सांगतात, की विजापूरची एक शाहजादी हजला निघाली होती. पण तिला पुढे जाता आले नाही. तेव्हा प्रवासासाठी आणलेल्या पैशांतून तिने ही मशीद बांधली.

फ्रान्समधील मार्सेय हे बंदर सुमारे २६०० वर्षांपासून चालू आहे. मग दाभोळचे बंदर मागे का पडले? मार्सेय हे ऱ्होन नदीच्या मुखापासून दूर आहे, त्यामुळे नदीचा गाळ तेथे साचत नाही. दाभोळ मात्र खाडीच्या मुखाशीच आहे. गाळ साचत गेला आणि मोठ्या जहाजांना अडचण होऊ लागली. शिवाय मुंबई वाढली. १८६३ मध्ये बोरघाटातून रेल्वे सुरू झाली आणि देशावरचा व्यापार मुंबईकडे वळला. आता दाभोळ येथे मासेमारी चालते, आणि फेरीबोट माणसांना व गाड्यांना खाडीपलीकडे धोपाव्याला नेते.

बंदर केवळ पाण्यावर जगत नाही. घाटावरचा विणकर, बैलवाला, होडीवाला, खलाशी अशा अनेकांच्या श्रमांवर ते जगते. म्हणून दाभोळचा इतिहास हा कोकणाइतकाच सातारा-सांगलीचाही इतिहास आहे. त्या रस्त्याने पुन्हा जाल, तेव्हा हे आठवा.

शब्दार्थ
देश – सह्याद्रीच्या पूर्वेकडील सपाट प्रदेश
गाळ – पाण्याबरोबर वाहत येणारी माती
खलाशी – जहाजावर काम करणारा

लक्षात ठेवा
उर्दूत ज्याला तुम्ही ‘बंदरगाह’ म्हणता, त्याला मराठीत नुसते ‘बंदर’ म्हणतात. उर्दूतील ‘बंदर’ हा प्राणी मराठीत ‘माकड’ होतो!

स्वाध्याय
१. देशावरचा माल दाभोळला कसा पोहोचत असे?
२. दाभोळचे बंदर मागे पडण्याची दोन कारणे लिहा.
३. तुमच्या गावातून कोणता माल बाहेर जातो? तो कोणत्या मार्गाने जातो? घरी विचारून पाच वाक्ये लिहा.