लाभ-हानीचा तराजू आणि मूत्रपिंडदान

वाचकहो, दिव्य कुरआनने निर्णयाबरोबरच विचार करण्याची रीतही शिकविली आहे. सूरह अल-बकराच्या 219 व्या आयतीत दारू व जुगारात लोकांसाठी काही लाभ असल्याचे नाकारलेले नाही. मात्र त्यांतील अपराध लाभाहून मोठा ठरविला आहे. लाभ दिसला एवढ्यानेच निर्णय होत नाही; दोन्ही पारडी पाहावी लागतात.

मूत्रपिंडदानाचेच पाहा. एकीकडे जीव वाचविण्याचे महान पुण्य, दुसरीकडे देह ही अल्लाहची अमानत. म्हणूनच याविषयी उलमांमध्ये मतभेद आहेत. जेद्दा येथील आंतरराष्ट्रीय इस्लामी फिकह अकादमीने 1988 मध्ये अटींसह अनुमती दिली: दाता स्वखुशीने देणारा असावा आणि त्याच्या जिवाला धोका नसावा. विक्री मात्र निषिद्ध ठरविली. भारताचा 1994 चा कायदाही हा व्यापार गुन्हा मानतो.

या अटी का? विक्रीत लाभ पैसेवाल्याचा, तर शस्त्रक्रियेचा घाव कर्जबाजारी गरिबाचा. फिकहचा नियम असा की, एकाची हानी दुसऱ्यावर तशीच हानी लादून दूर करता येत नाही.

हाच नियम घरातही लावावा. रुग्णासाठी बहीण किंवा सून पुढे होते, तेव्हा तिला निर्भयपणे ‘नाही’ म्हणता येते काय? येत नसेल, तर ते दान नव्हे, दडपण होय. निर्णयापूर्वी तज्ज्ञ डॉक्टर व जाणत्या आलिमांचा सल्ला घ्यावा, आणि तिच्याशी एकांतात बोलावे.

अल्लाह आपणा सर्वांना न्यायाने तोलण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.