अवघे दहा सामने

प्रथम श्रेणीच्या क्रिकेटमध्ये विजय मर्चंट यांची धावांची सरासरी ७१.६४ होती. दीर्घकाळ खेळलेल्या फलंदाजांत ब्रॅडमन तेवढे त्यांच्या पुढे! तरीही १९३३ ते १९५१ या अठरा वर्षांत ते दहाच कसोटी सामने खेळले. काळाचे हे कार्पण्यच म्हणावयाचे.

१९३६ साली मँचेस्टरला त्यांनी ११४ धावा काढल्या. पुढे महायुद्ध पेटले. ऐन उमेदीची दहा वर्षे कसोटीवाचून गेली. मुंबईत मात्र त्यांची बॅट तळपतच होती. १९४३-४४ च्या हंगामात महाराष्ट्राविरुद्ध त्यांनी नाबाद ३५९ धावा केल्या. युद्धानंतर प्रकृतीने दगा दिला. तरीही १९५१ साली, वयाच्या चाळिसाव्या वर्षी, दिल्लीच्या मैदानावर त्यांनी १५४ धावा काढल्या. त्याच सामन्यात क्षेत्ररक्षण करताना त्यांचा खांदा जबर दुखावला. तो त्यांचा शेवटचा कसोटी सामना.